परतीचा रकाना

वजनबाई सायकलवरून उतरल्या, सायकलीला कुलूप घातलं आणि खांद्यावरच्या पिशवीतून हुकाचा वजनकाटा काढून हवेत धरला. तो रिकामाच झुलत होता, तरी आप्पा एक पाऊल मागे सरकले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या सभा उभ्या केल्या होत्या. तंबू ठोकले, खुर्च्या मांडल्या, व्यासपीठावरून घसरलेला वक्ता वरच्या वर झेलला. पण झालेली सभा कुणी तोलून बघेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. लोक जाताना "छान झालं हो" म्हणायचे आणि आपापली छत्री शोधायला लागायचे. तेवढ्यावर भागायचं.

"हा कशाला?" आप्पांनी काट्याकडे बोट दाखवलं.

"सभा झाल्यावर जे उरेल, ते तोलायला," वजनबाई कुजबुजल्या. त्या ग्रंथपाल होत्या. तीस वर्षं वाचनालयात काढल्यामुळे त्यांचा आवाज जो खाली बसला, तो पुन्हा उठलाच नव्हता. "टोपलीत पडलेलं वेगळं, ताटात टाकलेलं वेगळं."

"आणि माणसं?"

"माणसं नाही तोलत."

"बरं झालं. आमच्याकडे सगळ्यात जड तीच आहेत."

हे ते हसत म्हणाले, पण खोटं नव्हतं. आप्पांच्या गोदामाच्या मागच्या अंगणात चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, आणि पहिल्या रांगेतल्या दोन टोकांच्या दोन खुर्च्या सोडल्या तर बाकी सगळं हलकंच होतं. एका टोकाला आप्पा बसणार होते, दुसऱ्या टोकाला त्यांचा धाकटा भाऊ, नाना. दोघं एकाच घरात राहत, आप्पा खाली आणि नाना वर. जिन्याला चौदा पायऱ्या होत्या, आणि आठ महिन्यांत त्या पायऱ्यांवरून एक शब्दही वर गेला नव्हता की खाली आला नव्हता.

भांडण ताटांवरून. आईच्या वेळेपासून जमवलेली बाराशे स्टीलची ताटं आणि तितकेच कप घराच्या खालच्या खोलीत रचलेले होते. आता गिऱ्हाईक कागदी ताटं मागतं, वापरतं, फेकतं आणि विसरतं. म्हणून आप्पांनी एका सकाळी भंगारवाल्याला खोली दाखवली. नानाला विचारलं नाही. सांगितलंसुद्धा नाही. नाना चहाची बशी हातात घेऊन जिना उतरत होता, तेव्हा त्याला भंगारवाला ताटावर टिचकी मारून कान लावताना दिसला. एवढंच घडलं. पण घरातली मोठी युद्धं एवढ्यावरच होतात.

मध्ये पडली ती ठिणगी, आप्पांची एकुलती एक मुलगी. तिनं ग्रंथपालांच्या संघटनेचं काम शोधून आणलं. चारशे माणसांची दोन दिवसांची सभा, आणि त्यांचा निश्चय असा की धरतीला आपला भार कमीत कमी व्हावा. फेकायची वस्तू एक नको. ठिणगीला वाटलं, हे तर आपल्या बाराशे ताटांनी मागून घेतलेलं मागणं आहे. आप्पांनी अट घातली. "काम मिळालं तर ताटं राहतील आणि कारभारही तुझा. नाही मिळालं तर सोमवारी भंगारवाला गाडी घेऊन येईल, आणि मग डोळ्यांत पाणी आणायचं नाही."

आज शनिवार होता. ग्रंथपालांनी आधी चाळीस माणसांची तालीम मागितली होती. गोदामातले वीस कामगार, गल्लीतले पंधरा शेजारी आणि घरातले पाच. अशी चाळीस.

"तीन रकाने आहेत," वजनबाईंनी पाठकोरा कागद उलगडला. कागदाच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी कधीतरी परत न केलेल्या पुस्तकांची यादी होती. "टोपली, एक किलोच्या आत. ताट, एक किलोच्या आत. तिसरा रकाना मी शेवटी भरते."

ठिणगीनं मान हलवली. तिसरा रकाना काय आहे, ते तिला ठाऊक होतं. तिनं आठवडाभर आधी घरातल्या प्रत्येकाला चिठ्ठी दिली होती. आणि घरातल्या प्रत्येकानं ती नीट वाचून, ही दुसऱ्यासाठी आहे, असं ठरवलं होतं.

*

नानाचं काम आवाजाचं. माईक, कर्णे, तारा. पण आजच्या सभेत वीज कमीत कमी वापरायची म्हटल्यावर त्यानं एकदम सगळंच सोडलं. तो मुळात टोकाचा माणूस. एकदा गोड कमी खा म्हणून वैद्यानं सांगितलं, तर यानं वर्षभर फळंही खाल्ली नाहीत, आणि शेवटी वैद्यच घरी केळी घेऊन आला. आज त्यानं तेल ओतायचं मोठ्ठं नरसाळं घासूनपुसून आणलं होतं. त्याचं अरुंद तोंड ओठांना लावून तो व्यासपीठावर उभा राहिला.

"मंडळी," नरसाळं गरजलं, "स्वागत!"

पुढच्या रांगेतला न्हावी दचकून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"आजच्या सभेचा विषय, खुर्च्यांची दुरुस्ती. चाळीस खुर्च्यांपैकी अकरा डुगडुगतात. का डुगडुगतात? कारण वर्षानुवर्षं त्यांना कुणी विचारत नाही! ज्याला विचारलं जात नाही, तो डुगडुगतो!"

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाकडे वळल्या. आप्पा छताकडे बघत होते. अंगणाला छत नव्हतं.

"ठिणगे," आप्पा शेजारी बसलेल्या मुलीला म्हणाले, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुझ्या काकाला सांग, विषयाला धरून बोल म्हणावं."

"आप्पा, तो सहा हातांवर आहे."

"तरी तू सांग."

ठिणगी उठली. "नानाकाका, आप्पा म्हणतात, विषयाला धरून बोला."

नरसाळं तिच्याकडे वळलं. "तुझ्या बापाला सांग, खुर्चीला धरूनच बोलतोय. खुर्ची आणि भाऊ दोन्हींना पाय असतात, आणि एक पाय आखूड पडला की—"

"की सुतार बोलवावा!" मागून गोदामाचा मुकादम ओरडला. त्याला खरंच विषयात रस होता.

आत्या मधोमध बसली होती. ती या दोघांची बहीण, आप्पांहून धाकटी आणि नानाहून मोठी. ताटांमध्ये तिचाही वाटा होता. त्यामुळे गेले आठ महिने दोन्ही भाऊ दोन घरं पलीकडे तिच्याकडे स्वतंत्रपणे चहाला जात होते, आणि तिच्या घरची साखर संपत आली होती. ती आप्पांकडे बघून हळहळायची आणि नानाकडे बघून मान डोलवायची. आत्ताही तिनं आधी मान डोलवली, मग हळहळली, आणि मग शेजारी बसलेल्या माईला, म्हणजे आप्पांच्या बायकोला, कोपरानं ढोसलं.

"वहिनी, नरसाळ्यातून बोलल्यावर कसा गं थेट आमच्या वडिलांसारखा वाटतो."

"वन्सं, तुमचे वडील नरसाळ्याशिवाय असेच बोलायचे," माई म्हणाली.

वजनबाई मागच्या रांगेत बसून काहीतरी लिहीत होत्या. नानानं दर वाक्याला नरसाळं आप्पांकडे वळवलं, आणि दर वेळी आप्पांनी ठिणगीकडून उत्तर पाठवलं. बिचारी सतरा वेळा उठली आणि बसली. पण खुर्च्यांचा ठराव झाला, आणि मंडळी जेवायला उठली. भात, भाजी, काकडी, वेलची केळी आणि चहा. माईनं चाळिसांचा अंदाज असा बांधला होता की पातेल्याच्या तळाशी फक्त डावाचा ओरखडा उरला. ताटांतलं उष्टं तोललं, तर दीडशे ग्रॅम. त्यातलं निम्मं न्हाव्याचं. त्याला काकडी चालत नव्हती, पण हे सांगायला तो लाजला होता.

"दुसरा रकाना उत्तम," वजनबाई कुजबुजल्या. "आता टोपली आणा."

टोपली रिकामी होती.

*

आता या घराच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. आप्पांच्या वडिलांनी कामगारांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. सभा उठली की जागा अशी दिसली पाहिजे, जणू आपण तिथं आलोच नव्हतो. कचरा कुणाच्या नजरेला पडता कामा नये. मुकादमाला ही शिकवण इतकी मुरली होती की शेवटचा पाहुणा दारातून बाहेर पडायच्या आत टोपली कोपऱ्यावरच्या सार्वजनिक कचराकुंडीत पालथी होऊन, धुऊन, उन्हात वाळत पडायची. आजही तेच झालं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला कचरा बघायचा होता, आणि मुकादमानं तो नेहमीपेक्षा दोन मिनिटं आधी टाकला होता. परीक्षा आहे म्हणून.

"टाकलास?" ठिणगीचा आवाज चिरकला.

"चकाचक," मुकादम अभिमानानं म्हणाला.

वजनबाईंनी पेन्सिल कानामागे अडकवली. "वजन केल्याशिवाय मला शून्य लिहिता येत नाही. नसलेलं आणि नाहीसं केलेलं यांत फरक आहे."

हे वाक्य एखाद्या सत्पुरुषाच्या तोंडी शोभलं असतं. पण त्या वेळी तिथं त्याचा आस्वाद घ्यायला कुणाला फुरसत नव्हती. पाच मिनिटांत सगळी सभा कोपऱ्यावरच्या कुंडीभोवती उभी होती. कुंडीत सगळ्या गल्लीचा कचरा होता. त्यातला आपला कोणता, हे देवालाच ठाऊक. आणि, माईच्या म्हणण्याप्रमाणे, तिलाही.

माईनं बाह्या वर केल्या. तिनं आयुष्यभर भाज्या सोलल्या होत्या, आणि आजवर कुणी तिच्या सालींचं कौतुक केलं नव्हतं. ती वाकली, एक साल उचलली आणि उन्हात धरली.

"ही माझी नाही. मी इतकं जाड सोलत नाही. हिच्यात अर्धा बटाटा गेलाय."

मागे शिंप्याची बायको एकदम दुसरीकडे बघायला लागली.

"ही माझी," माईनं दुसरी धरली. ती पारदर्शक होती, तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. "आणि ही. आणि ही. चहाचा चोथाही माझा, दुसऱ्यांदा उकळलेला आहे. तो त्या बाजूचा पहिल्याच उकळीचा. कोण एवढं श्रीमंत झालंय गल्लीत?"

आत्यानं नाक धरलं, मग नाक सोडलं. बारा वर्षांपूर्वी कशावरून तरी तिचं आणि माईचं बिनसलं होतं. कशावरून, ते दोघींनाही आठवत नव्हतं, पण मनातली अढी सोडायला निमित्त मिळत नव्हतं. ती पुढे झाली आणि माईच्या शेजारी वाकली.

"ही केळ्याची साल तुझी नाही वहिनी. ही देठाकडून सोललीय. आपल्याकडे सगळे शेंड्याकडून सोलतात. आईनं शिकवलेलं."

"वन्सं, बघा हो कशी नजर आहे तुमची!"

"मग! आम्ही काय नुसत्या बसून असतो?"

दोघी कुंडीत डोकं घालून पंधरा मिनिटं साली वेचत होत्या. एकीनं उचलायचं, दुसरीनं निवाडा द्यायचा. शेजारपाजारच्या बायका आपापल्या साली ओळखू येऊ नयेत म्हणून हळूहळू काढता पाय घेऊ लागल्या. वजनबाईंनी कपाळावर आठी आणून दोन साली स्वतः मोजपट्टीनं मोजल्या, शेजाऱ्यांच्या सालींशी ताडून पाहिल्या आणि मान्य केलं.

"सहाशे चाळीस ग्रॅम."

मुकादमानं टाळी वाजवली. आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की ती टाळी अर्ध्यावर थांबली.

*

ठिणगीला आता श्वास घेता आला. दोन रकाने जिंकले. तिनं डोळ्यांपुढे आणलं, चारशे माणसं, चारशे ताटं, खालची खोली तशीच भरलेली, आणि सोमवारी दारात कुणीही नाही. ती हसतच वजनबाईंच्या मागून गोदामाच्या पुढच्या दाराशी गेली. आणि तिथंच तिचं हसू विरलं.

दारासमोर टेंपो उभा होता. त्यामागे आप्पांची गाडी. रस्त्याच्या पलीकडे नानाची गाडी. आणि झाडाखाली एक टॅक्सी, जिचा चालक सकाळपासून आत झोपला होता.

"तिसरा रकाना, प्रवास," वजनबाई म्हणाल्या. "सभेचा खरा भार टोपलीत नसतो, रस्त्यावर असतो. लोक कागदाचा कप वाचवतात आणि एकेकटे गाडीतून येतात. चाळीस माणसांना येऊन-जाऊन मिळून पाच गाड्या. कामगार आणि शेजारी पायी आले, ते मी पाहिलं. छान. या कुणाच्या?"

माईनं टेंपोवर हात ठेवला.

"टेंपो ताटांचा," माई म्हणाली. "मी त्यातून आले. कप मी दुसऱ्याच्या भरवशावर सोडत नाही."

"योग्य. ही?"

"माझी," आप्पा म्हणाले.

"आणि ती?"

"माझी," नाना म्हणाला.

वजनबाईंनी कागद पाहिला. "दोघांचा पत्ता एकच दिसतोय."

"तो वर राहतो," आप्पा म्हणाले.

"म्हणजे वरून वेगळा रस्ता येतो?"

गल्लीत हसू फुटलं आणि दाबलं गेलं. नानाचे कान लाल झाले. आप्पांनी पुन्हा छत शोधलं.

"आणि टॅक्सी?"

आत्या पुढे आली. "आप्पाच्या गाडीतून आले असते तर नानाला वाटलं असतं, मी आप्पाच्या बाजूची. नानाच्या गाडीतून आले असते तर आप्पाला वाटलं असतं, मी नानाच्या बाजूची. मी कुणाच्याच बाजूची नाही, म्हणून टॅक्सी."

"आणि ती थांबवून का ठेवलीत?"

"जातानाही मी कुणाच्याच बाजूची नाही ना!"

अहंकार हा असा प्राणी आहे की त्याला बसायला स्वतंत्र गाडी लागते, आणि ती दारात तयार ठेवावी लागते. ठिणगी मटकन पायरीवर बसली. तिच्या चिठ्ठीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सगळ्यांनी टेंपोतून एकत्र यावं. ती स्वतः पहाटे चालत आली होती. चार किलोमीटर.

"मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "तिघांनाही लिहिलं होतं."

"मला वाटलं, ते नानासाठी आहे," आप्पा म्हणाले.

"मला वाटलं, दादासा—" नाना थांबला. "मला वाटलं, हिच्या बापासाठी आहे."

"मी तर चिठ्ठी जपून ठेवली," आत्या म्हणाली. "किती सुंदर अक्षर आहे पोरीचं!"

वजनबाईंनी पेन्सिल कानामागून काढली. "येताना चार झाल्या. पाचची मर्यादा आहे." त्यांनी कागद वळवून दाखवला. तिथं येण्याचा रकाना भरला होता आणि परतीचा रिकामा होता. "परतीला एक उरते."

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग सगळ्यांची नजर टेंपोकडे गेली. ताटं तर घरी न्यायलाच हवी होती. म्हणजे ती एक गाडी टेंपोच.

"मी बसनं जाईन," नाना म्हणाला.

"बसही गाडीच असते," वजनबाई कुजबुजल्या.

"मग चालत."

"तुमचा गुडघा बघितला मी. सभेत उठताना तीनदा देवाचं नाव घेतलंत."

ठिणगी उठली. ती आप्पांसमोर उभी राहिली आणि नानाकडे बघूनही बोलली, म्हणजे दोघांच्या मधल्या हवेशी. "आज निरोप नेणार नाही मी. सतरा वेळा नेलेत. कुणाला टेंपोत बसायचं नसेल, तर त्यानं आत्ताच मला सांगावं, की ठिणगे, आमचं भांडण तुझ्या कामाहून मोठं आहे. एवढं मोठ्यानं म्हणा, आणि जा आपापल्या गाडीतून. नरसाळं देऊ का?"

आप्पांनी नानाकडे पाहिलं नाही. नानानं आप्पांकडे पाहिलं नाही. पण दोघं एकाच वेळी टेंपोच्या मागच्या फळीवर चढायला गेले, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

*

टेंपोत पुढे चालकाशेजारी एकाच माणसाची जागा होती. आत्याला सगळ्यांनी आग्रह केला.

"छे!" आत्या म्हणाली. "मागे भांडण झालं तर मला नंतर कुणाच्या तरी तोंडून ऐकावं लागेल, आणि हे दोघंही खोटं सांगतात. मी मागेच बसणार."

माई कपांपासून हलायला तयार नव्हती. तेव्हा ठिणगी पुढे बसली आणि तिनं मागच्या जाळीच्या खिडकीला डोळे लावले. टॅक्सीवाल्याला उठवून सांगितलं की आज जागचं हलू नकोस. तो म्हणाला, मी तरी कुठे हललो होतो. वजनबाईंनी सायकलीचं कुलूप काढलं.

"तुम्ही कुठे?" आप्पांनी विचारलं.

"तुमच्या मागे. कोपऱ्यावर उतरून कुणी परत गाडीकडे येत नाही ना, ते बघायला. मी ग्रंथपाल आहे, माणसांवर माझा विश्वास बेताचाच."

टेंपो निघाला. आप्पा एका कडेला, नाना दुसऱ्या कडेला, मध्ये ताटांची चवड, आणि चवडीच्या पलीकडे माई आणि आत्या कपांच्या खोक्यांवर. मागे हळूच वजनबाईंची सायकल. चढ आला की टेंपो मंदावायचा, मग वजनबाई पुढे निघून जायच्या आणि वळणावर थांबून वाट बघायच्या.

तिसऱ्या वळणाला चालकानं कुत्र्यासाठी जोरात ब्रेक मारला. ताटांची चवड कलली. आधी वरची दहा, मग सगळीच, फळीच्या उघड्या बाजूला.

"दादा, धर!" नाना किंचाळला.

आप्पांनी विचार केला नाही. ज्या ताटांना सोमवारी भंगारात घालायचं होतं, त्या ताटांना त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली. पलीकडून नानानं मारली. चवड थांबली. पण आता ती दोघांच्या मिठीवरच उभी होती. कुणी एकानं सोडलं असतं तर चाळीस ताटं रस्त्यावर जाऊन वजनबाईंच्या सायकलीखाली आली असती.

दोघांचे चेहरे समोरासमोर, मध्ये एक ताट. आठ महिन्यांत इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

"पांढरा झालास," आप्पा म्हणाले.

"पीठ सांडलं असेल."

"पीठ मिशीत सांडत नाही."

"सोडू नकोस, नाहीतर पडतील."

"मी कुठे सोडतोय? तूच हलतोयस."

"मला विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं, दादा?"

आप्पांनी ताटावर हनुवटी टेकवली. "विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो!"

"म्हणून नाही विचारलं."

आत्या पुढे सरकली. एक शब्द सुटायला नको.

"अरे पण का विकायची होती?" नाना म्हणाला. "जागा अडते म्हणून? भाडं येत नाही म्हणून?"

टेंपो एक खड्डा ओलांडून गेला, तेव्हा चौघांनी एकदम "जपून!" म्हटलं. मग आप्पा खाली बघत म्हणाले, "हिचे हात बघ. तीस वर्षं दुसऱ्यांची उष्टी ताटं धुतलीत तिनं. आता पोरगीही तेच करणार. मला नको वाटलं."

माईनं आपले हात पाहिले, जणू कुणी दुसऱ्याचेच दाखवले होते.

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली.

दोन्ही भावांनी ताटं आणखी घट्ट धरली.

"धुते मी. विकणार तुम्ही. भांडणार हा. विचारलं कुणी मला?" तिचा आवाज चढला नाही, पण टेंपोच्या आवाजावरून नीट ऐकू आला. "मला धुण्याचा कंटाळा नाही. पूर्वी मी धुवायचे आणि तुम्ही दोघं समोरासमोर बसून पुसायचात. हा मनानंच रचलेली गाणी म्हणायचा, तुम्ही त्याला टपली मारायचात, शंभर ताटं कशी संपली कळायचं नाही. आठ महिने मी धुतेय, मीच पुसतेय. हात त्यानं दुखतात. ताटांनी नाही."

आत्या डोळे पुसायला लागली आणि पुसता पुसता म्हणाली, "बघा, मी पुढे बसले असते तर हे हुकलं असतं."

*

घरासमोर टेंपो थांबला तेव्हा दोघांचे हात इतके आखडले होते की ताटं काढून घ्यायला ठिणगीला दोन्ही बाजूंनी एकेक बोट सोडवावं लागलं असतं. पण आप्पांनी ती घेऊच दिली नाहीत. वीस ताटं छातीशी धरून ते तसेच खाली उतरले. वीस घेऊन मागून नाना. वजनबाई घामाघूम होऊन सायकलवरून उतरल्या, टेंपोत वाकून बघितलं, माणसं मोजली आणि परतीच्या रकान्यात एक लिहिलं.

"पाच," त्या म्हणाल्या. मग कधी नव्हे तो त्यांचा आवाज जरा वर आला. "अगदी काठावर आलात. पण आलात. सभा तुमच्याकडे."

ठिणगीनं त्यांना मिठी मारली. काटा दोघींच्या मध्ये सापडून कुठेतरी टोचला.

तेवढ्यात आप्पांच्या खिशात फोन वाजायला लागला. हात ताटांत. "बघ गं कोण आहे."

ठिणगीनं फोन काढला, बघितला, आणि काही न बोलता आप्पांच्या कानाला लावला. भंगारवाला होता. सोमवारी गाडी सकाळी पाठवू की दुपारी, विचारत होता.

"पाठवू नका," आप्पा म्हणाले. पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. "नाही, नाही, दुसरं गिऱ्हाईक वगैरे काही नाही. तसं नाही हो. आमच्या घरचं आहे." त्यांनी मान वळवून जिन्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या नानाकडे पाहिलं. "माझा धाकटा भाऊ नको म्हणतोय. त्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे होत नाही."

नानाच्या हातातली वीस ताटं खुळखुळली. "दादा, पण तू मला अजून विचारलंच नाहीयेस!"

"मग विचारतो. विकायची का रे?"

"नको!"

"ऐकलंत?" आप्पा फोनमध्ये म्हणाले. "नको म्हणतोय."